केळनेचा उतार

जालन्याच्या बसस्थानकावर वाहकानं मशिनमधून तिकीट काढता काढता विचारलं, "राजूर ना?" सकाळच्या गाडीत पिशवी घेऊन बसलेला परका माणूस राजूरच्या गणपतीलाच निघालेला असणार, हा त्याचा रोजचा हिशेब.

"भोकरदन," मी म्हणालो. "तिथून असई."

"असईत काय?"

"लढाई झाली होती ना."

"हां, ती," म्हणत तो पुढच्या सीटकडं सरकला. दोनशेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण त्याचा सूर गेल्या साली होऊन गेलेल्या जत्रेविषयी बोलावं तसा होता.

खिडकीबाहेर कपाशी, मका, सोयाबीन. पाऊस नुकताच उघडला होता आणि काळी जमीन अजून चिकट होती. हे दिवस मी मुद्दाम निवडले होते. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला, आश्विनाच्या शुक्ल पक्षात. घट बसून आठवडा होत आलेला, दसरा दोन-तीन दिवसांवर. मराठी फौजा दसऱ्याला सोनं लुटून सीमोल्लंघन करायच्या आणि मग मोहिमेला निघायच्या. त्या वर्षी दसरा उजाडायच्या आतच इथला निकाल लागलेला होता.

राजूरला अर्धीअधिक गाडी उतरली. उरलेले आम्ही भोकरदनला.

भोकरदन हे तालुक्याचं गाव. बाजार, कापसाच्या गाड्या, मिरचीचा ठसका, मोबाइलची दुकानं. पण या गर्दीखाली फार जुनं शहर झोपलेलं आहे. त्याचं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावच्या माणसांची नोंद आहे. १९७० च्या दशकात इथं उत्खनन झालं तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तूंमध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पॉम्पेईच्या राखेतून १९३८ साली निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं नातं आहे. म्हणजे लढायांची बातमी जगभर जाण्याच्या कितीतरी आधी इथल्या भागातल्या कारागिरांची कला समुद्रापार पोचली होती.

केळना नदीच्या काठी खडकात कोरलेलं लेणं आहे. त्याच्या सावलीत बसलो आणि पिशवीतून वही काढली. वहीत असईची टिपणं होती आणि, थोडं विचित्र वाटेल, चिलीचीही. गेल्या हिवाळ्यात मी दक्षिण अमेरिकेच्या एका लांबलेल्या युद्धात गुरफटलो होतो. स्पॅनिश लोकांनी १५४१ साली सांतियागो वसवलं आणि ते दक्षिणेकडं सरकू लागले. तिथं मापुचे लोकांनी त्यांना अडवलं ते जवळपास कायमचं. बिओबिओ नावाची नदी दोघांमधली सरहद्द झाली. तिच्या काठच्या लाकडी गढ्यांत स्पॅनिश शिपायांच्या पिढ्या सरल्या. १६०३-०४ च्या सुमारास तिथं कायमचं पगारी सैन्य उभं राहिलं. त्याचा पगार पेरूहून जहाजानं यायचा, म्हणजे यायचा तेव्हा यायचा. मधल्या काळात शिपाई अंगरखा विकायचा, हत्यार गहाण टाकायचा, कधी पळून मापुचेंनाच जाऊन मिळायचा.

हे वाचताना मला सारखी ओळख पटत होती. वेळेवर न येणारा पगार, नदीकाठची छावणी, दूर मुलखातून आलेली माणसं. आपल्याकडं पगार थकला की शिपाई सरदाराच्या तंबूसमोर धरणं धरून बसत. ना स्वतः खात, ना त्याला खाऊ देत. आजही कचेरीसमोर बसणारे लोक तोच शब्द वापरतात. शब्दाला किती मार लागलेला आहे, हे आपण विसरलो आहोत.

ज्या केळनेच्या काठी मी बसलो होतो, तिथूनच दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांचा तळ सुरू होत होता. एक टोक भोकरदनला, दुसरं असईकडं. उत्तरेला जुई नदी, दक्षिणेला केळना. त्या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर घोडदळ, पायदळ, तोफखाना, बाजारबुणगे, बायकापोरं, बैल, उंट. एखाद्या फिरत्या शहरासारखं हे सगळं पसरलं होतं. घोडेस्वारच तीस-चाळीस हजार. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनापतीला त्यांची भीती नव्हती. त्याला धास्ती होती ती दहा-अकरा हजार कवायती पायदळाची आणि शंभराच्या आसपास तोफांची.

या पलटणींची कुळकथा पानिपतापासून सुरू होते. १७६१ च्या त्या रणातून पायानं अधू होऊन परतलेल्या महादजी शिंद्यांनी पुढं ओळखलं की यापुढची लढाई कवायतीची आणि तोफेची आहे. १७८४ साली त्यांनी सव्हॉयच्या बेन्वा द बॉइन्य याला नोकरीत घेतलं. आपले लोक त्याला डिबॉइन म्हणत. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. पलटणी उभ्या राहिल्या. शिपाई बहुतेक अवध आणि दोआबातले पूरबिये, अंमलदार युरोपातले. १७९० साली पाटण आणि मेडत्याला या पलटणींनी राजपुतान्याचं घोडदळ मोडून दाखवलं. द बॉइन्य श्रीमंत होऊन मायदेशी गेला. त्याच्या शांबेरी गावात त्याच्या स्मारकाला आजही चार ओतीव लोखंडी हत्ती पाणी सोडत उभे आहेत.

चिलीच्या गोष्टीतला लाउतारो मला इथं आठवतो. स्पॅनिश सेनापती पेद्रो दे वाल्दिव्हियाकडं तो लहानपणी पकडून आणलेला पोरगा होता, घोड्यांची देखभाल करायचा. मापुचेंनी त्याआधी घोडा पाहिलेला नव्हता. घोडा आणि स्वार मिळून एकच जनावर आहे की काय, असं त्यांना वाटे, असं सांगतात. लाउतारोनं तबेल्यात राहून पाहिलं की घोडाही दमतो, घोडाही घाबरतो. मग तो पळाला, आपल्या लोकांत गेला आणि डिसेंबर १५५३ मध्ये तुकापेलला त्यानं वाल्दिव्हियाचाच पाडाव केला. वाल्दिव्हिया त्यात मारला गेला.

महादजींनीही शत्रूची विद्या आणली, पण ती नोकरीवर ठेवून. विद्येचा मालक पगारी होता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल वेल्स्लीनं जाहीरनामा काढला, शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या युरोपीय अंमलदारांची सोय कंपनी करील. बरेच जण निघून गेले. उत्तरेतला शिंद्यांचा सरसेनापती पेराँ खुद्द सप्टेंबरात कंपनीच्या आश्रयाला गेला. वीस वर्षं जमवलेली विद्या एका कागदानं निम्मी रिकामी झाली.

निम्मी म्हणतो, कारण उरलेली निम्मी कुणाच्या डोक्यात नव्हती. ती हातांत होती. ते हात पाहायला मी असईला चाललो होतो.

भोकरदनहून एका शिक्षकानं मला मोटारसायकलवर घेतलं. त्यांचं घर त्याच वाटेवरच्या खेड्यात. "फार लोक येत नाहीत बघायला," ते म्हणाले. "आले तरी विचारतात, किल्ला कुठंय? इथं किल्ला नाही. नुसती वावरं आहेत."

आम्ही केळनेच्या काठी थांबलो. या नदीवर लढाईची पहिली बाजी लागली होती. आर्थर वेल्स्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, तेव्हा चौतीस वर्षांचा. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेऊन तो इकडं आला होता. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली. ठरलं असं की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी यायचं आणि २४ ला मिळून भोकरदनच्या तळावर घाव घालायचा. पण २३ ला दुपारी वेल्स्लीला कळलं की तळ अगदी समोर आहे. त्याच्याकडं कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून सुमारे पाच हजार स्वार. स्टीव्हन्सन दूर होता. तरी त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं.

समोरून हल्ला म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणं. बाजूला वळसा घालायचा तर नदी ओलांडावी लागणार. वाटाड्यांना विचारलं, पुढं उतार आहे का? वाटाडे म्हणाले, नाही. वेल्स्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं तर्क केला की दोन गावं इतकी समोरासमोर वसली असतील तर मधून जा-ये असणारच. तपास केला आणि उतार निघाला. पुढं आयुष्यभर त्याला या तर्काचा अभिमान होता.

काठावर एक म्हातारबाबा शेळ्या चारत होते. मी त्यांना तोच प्रश्न विचारला.

"मामा, इथून पलीकडं जायला उतार आहे का?"

"आता पूल हाये की."

"पूर्वी, पूल नव्हता तेव्हा?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच शेळी असावी. "उतार नसता तर सोयरिकी कशा झाल्या असत्या? माही माय पल्याडची."

शिक्षक हसले. मला मात्र त्या वाटाड्यांचा विचार सुटेना. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्यांनी सांगितलं नाही? या काठची माणसं असतील तर त्यांच्याही सोयरिकी पल्याड असणार. परक्या फौजेला आपल्या गावावर नेणारा उतार दाखवायचा नाही, असं एखाद्यानं मनात ठरवलं असेल, तर त्या दिवशी या नदीवरचा पहिला प्रतिकार तोच. कागदांत मात्र त्याची नोंद चुकीची माहिती देणारा माणूस एवढीच आहे.

नदी ओलांडून गेलं की केळना आणि जुई यांच्या बेचक्यातली जमीन लागते. पूर्वेकडं दोन्ही नद्या एकमेकींकडं झुकत जातात. इथं वेल्स्ली शिरला. त्याचा अंदाज होता की शिंद्यांच्या पलटणींचं तोंड नदीकडं आहे, बाजू उघडी सापडेल. पण पलटणींचा मुख्य अंमलदार हॅनोव्हरचा अँथनी पोलमान होता, एकेकाळी कंपनीच्याच फौजेतला सार्जंट. त्यानं सबंध रांग काटकोनात फिरवली. आता तिचं एक टोक केळनेवर, दुसरं असईच्या गढीवजा गावावर, आणि पुढं तोफा. हजारो माणसांची ओळ शत्रूच्या डोळ्यांदेखत न मोडता फिरते, हे वेल्स्लीला अपेक्षित नव्हतं.

मग तोफा सुरू झाल्या. पहिल्याच माऱ्यात कंपनीच्या तोफांचे बैल पडले. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे ते जातिवंत बैल. ते मेले तशा तोफा जिथल्या तिथं अडकल्या. वेल्स्लीनं तोफा सोडल्या आणि पायदळाला संगिनी रोखून पुढं जायचा हुकूम दिला. डावीकडं ७८ वी हायलँडर पलटण आणि मद्रासचे शिपाई थेट तोफांवर चालून गेले. उजवीकडं पुढच्या टेहळणी तुकडीचा अंमलदार वाट चुकून असईच्याच दिशेनं गेला, आणि त्याच्यामागून ७४ वी हायलँडर पलटण. गावातून आणि समोरून दोहो बाजूंनी मारा. पाचशेच्या आसपास माणसांपैकी सुमारे चारशे तिथं मेले किंवा जखमी झाले. त्यांना सोडवायला धावलेल्या घोडदळाचा कर्नल मॅक्सवेल पुढं त्याच दिवशी पडला. वेल्स्लीचा एक घोडा गोळीनं मेला, दुसऱ्याला भाला लागला.

शिक्षकांनी गाडी एका बांधाशी लावली. "तोफा इकडं होत्या म्हणतात," ते म्हणाले. समोर मक्याचं उभं पीक होतं. कणसं तयार व्हायला आली होती.

इथले गोलंदाज. आज हा शब्द उच्चारला की चेंडू टाकणाराच डोळ्यांसमोर येतो. गावाबाहेर पोरं खेळत होती तीही हाच शब्द ओरडत होती. त्या दिवशीचे गोलंदाज पळाले नाहीत. पायदळ मागं हटलं, घोडदळ दुरून पाहत राहिलं, दौलतराव आणि रघुजी लढाई संपायच्या आत निघून गेले. संगिनी अंगावर येईपर्यंत गोलंदाज तोफा भरत राहिले आणि तोफांशीच मारले गेले. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. शत्रूची ओळ त्यांच्यावरून पुढं गेली, तसे ते उठले, तोफा फिरवल्या आणि विजयी पलटणींच्या पाठीवर पुन्हा मारा सुरू केला. त्याच तोफा वेल्स्लीला दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

हीच ती उरलेली निम्मी विद्या. द बॉइन्य शांबेरीला होता, पेराँ कंपनीच्या आश्रयाला. पण गज किती आत घालायचा, दारू किती भरायची, तोफ कोणत्या क्षणी कलवायची, हे ज्यांच्या हातांत मुरलं होतं ते इथं उभे होते.  त्यांच्याकडं घोडा नव्हता, आणि त्यांची तोफ बैलांवाचून हलत नव्हती. ते थांबले ते निष्ठेनं की कसबाच्या अभिमानानं की दुसरा रस्ताच नव्हता म्हणून, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

त्यांच्याविषयी मला जे माहीत आहे, ते त्यांना मारणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. कंपनीच्या अंमलदारांच्या पत्रांत आणि आठवणींत या गोलंदाजांची तारीफ आहे. इथंही मला चिली आठवतो. १५५७ साली आलोन्सो दे एर्सिया हा तरुण स्पॅनिश शिपाई मापुचेंवरच्या मोहिमेत आला. रात्री तळावर, कागद संपला तर कातड्याच्या तुकड्यांवर, तो लिहीत असे. त्यातून ‘ला आराउकाना’ हे महाकाव्य झालं. पहिला भाग १५६९ साली छापला गेला. ते लिहिलं शत्रूनं, आणि त्यात तेजस्वी दिसतात ते मापुचे. सर्व्हान्तेसच्या डॉन किहोतेच्या घरी पुस्तकांची होळी होते तेव्हा वाचलेल्या मोजक्या पुस्तकांत हे आहे. पण एर्सियानं लाउतारोचं नाव लिहिलं. असईच्या गोलंदाजांची नावं कुणी लिहिली नाहीत. तारीफ सगळ्यांची मिळून एक.

आणखी एक फरक आहे. मापुचे पुढंही लढत राहिले. १५९८ साली कुरालाबाला त्यांनी स्पॅनिश गव्हर्नर मारला, बिओबिओच्या दक्षिणेची शहरं मोडली आणि १६४१ साली किलिनच्या तहात स्पेननं त्या नदीची सरहद्द मानली. केळनेची सरहद्द एक दुपारही टिकली नाही. लाउतारोनं आणलेली विद्या प्रत्येक मापुचे पोराच्या मांडीखाली गेली. आपली विद्या तोफखान्यापर्यंत पोचली आणि तोफखान्याबरोबर तिथंच संपली.

संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याण्णव तोफा वेल्स्लीच्या हाती आल्या. त्याची माणसं मेलेली आणि जखमी मिळून सुमारे सोळाशे. शिंद्यांच्या बाजूचे बाराशे मैदानात पडले असावेत असा त्याचा अंदाज होता. रात्री तो जमिनीवरच निजला, भोवती मेलेली माणसं, वर अर्धा चंद्र. उतारवयात कुणी विचारलं की तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर तो वॉटर्लूचं नाव घेत नसे, असई म्हणे. पण इतकी माणसं घालवून मिळालेला असा विजय पुन्हा नको, असंही त्यानं त्याच दिवसांत लिहून ठेवलं. त्या दिवशी त्याच्याबरोबर घोड्यावर असलेला तेवीस वर्षांचा मदतनीस म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याच्या पुतण्याच्या, लॉर्ड एल्फिन्स्टनच्या नावाचं मुंबईचं स्टेशन आता प्रभादेवी झालं आहे.

स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी आला. जखमींना अजिंठ्याला हलवलं. पुढं नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. ७४ व्या पलटणीला निशाणावर हत्ती मिळाला. मद्रास रेजिमेंट आजही हत्तीचं चिन्ह मिरवते. आणि या मुलखाला मिळाला दुष्काळ. आधीच्या वर्षांची लूटमार, फौजांनी खाल्लेलं पीक, रुसलेला पाऊस. १८०३-०४ साली दख्खनेत माणसं अन्नावाचून मेली. त्यांची गणती कुणाच्या पत्रात नाही.

शिक्षकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं घरी चहाला नेलं. ओसरीवर बसलो. आतून त्यांनी एक लोखंडी गोळा आणून माझ्या हातात दिला. मोठ्या पेरूएवढा, गंजलेला, एका बाजूला पापुद्रा सुटलेला. आकाराच्या मानानं तो इतका जड होता की हात खाली गेला.

"आज्याला औत हाकताना सापडला," ते म्हणाले. "अजून निघतेत कधीमधी, पाऊस झाला की." मग त्यांनी विचारलं, "सर, तुमी वाचलेलं हाये, सांगा. ह्यो त्यांचा, का आपला?"

मी गोळा फिरवून पाहिला. हा आग्र्याच्या तोफेतून सुटला असेल, किंवा बैल मरण्याआधी कंपनीच्या एखाद्या तोफेनं टाकला असेल. पण ‘आपला’ म्हणजे कुणाचा? तोफेवर पूरबिया, त्याच्यावर हॅनोव्हरचा सार्जंट. पलीकडं स्कॉटलंडची पोरं, तेलुगू आणि तमिळ शिपाई, म्हैसूरचे स्वार. आणि नदीच्या त्या बाजूला खुद्द पेशव्यांचं घोडदळ. मराठी बोलणारी माणसं दोन्हीकडं. हे सगळं ओसरीवर चहा पिताना सांगायचं कसं?

"नाही सांगता येत," मी म्हणालो.

"आमचा आजाबी असंच म्हणायचा," ते म्हणाले.

तेवढ्यात केळनेकडून वारा सुटला आणि दार भिंतीवर आपटलं. त्यांनी माझ्या हातून गोळा घेतला आणि पायानं सरकवत दाराला लावला. मग घरात वळून म्हणाले, "अगं, अजून एक कप आण. पाव्हण्याची गाडी सुटायला वेळ हाये."